मदत हवी आहे: नवी धोप (सरळ पात्याची मराठा तलवार) वाकडी आली, परत करू की सरळ करून घेऊ?

नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहतो, मुलगी मर्दानी खेळ शिकते. २०२५ मध्ये रघुजीराजे भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून परत आली, तेव्हापासून तिला सरळ पात्याचीच तलवार हवी होती. दसऱ्याच्या पूजेला आणि नंतर सरावाला म्हणून ऑनलाइन बिनधारेची धोप मागवली. खोकं धड होतं, म्यानही नीट. पण मूठ डोळ्याशी धरून टोकाकडे पाहिलं तर पातं पुढच्या भागात डावीकडे गेलेलं. टोक मधल्या रेषेपासून चांगलं दोन बोटं बाजूला.

विक्रेता म्हणून राहिला की, कुरिअरमध्ये वाकलं असेल, गुडघ्यावर दाबा, सरळ होईल, माल परत घेत नाही. जाहिरातीत स्प्रिंग स्टील लिहिलं होतं. इतवारीत एक लोहार ओळखीचा आहे, तो तापवून सरळ करून देतो म्हणतो. देऊ का? पोरीच्या हातात द्यायची आहे, म्हणून काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
दादा, तापवू मुळीच देऊ नका. भट्टीत लाल केलं की पात्याचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, उतरतं. मग ते दिसायला सरळ, पण पहिल्याच घावाला पुन्हा वाकणार. गुडघ्यावरही नको, कुठे किती जोर पडतो ते कळत नाही. पातं स्टेनलेसचं निघालं तर मोडूही शकतं.

आधी बाक कुठून सुरू होतो ते बघा. मुठीपासूनच तिरकं जात असेल तर पातं सरळ आणि बसवणूक चुकलेली, असंही असतं. तुमच्या वर्णनावरून मात्र दोष पात्यातच दिसतो. खरं स्प्रिंग स्टील प्रवासात दाबलं गेलं तरी सुटल्यावर परत जागेवर येतं. खोकं धड असताना एवढा बाक राहिला, म्हणजे एक तर पोलाद मऊ आहे, नाहीतर पाणी देताना दोन्ही बाजू सारख्या थंड झाल्या नाहीत आणि कारखान्यातच पातं पिळवटलं. दोन्हींत कुरिअरचा दोष नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. सरळ करायला हात लावलात की विक्रेता दोष तुमच्याच माथी मारेल. पातं काचेवर ठेवून फोटो काढा, मुठीकडून टोकाकडे एक व्हिडिओ घ्या, खोकं जपून ठेवा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आधी लेखी तक्रार करा, ऐकलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन.

बदलून आलेल्या तलवारीला हौसेनं धार लावू नका. नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार तलवार शस्त्र नियम, २०१६ मधल्या शस्त्रांच्या यादीत येते. बिल जपून ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. लोहाराला नको म्हणून सांगितलं. काचेवर ठेवून पाहिलं, मुठीजवळ पातं सरळ आहे, बाक पुढेच आहे. फोटोंसकट तक्रार आजच पाठवली. बदली आली तर सरावाआधी ती कशी तपासायची, तेही कुणी सांगेल का? पूजेला मुलीची लाकडी तलवार ठेवतो.

प्रतिसाद १
टोक लाकडावर टेकवून हलकेच थोडी लववा आणि सोडा. दोन्ही बाजूंना करा. सरळ परतली तर पाणी ठीक आहे. मूठ हलवूनही बघा, खडखड आली तर तीही परत.