संरोध, रोध आणि भार: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या मागचे ‘८ ओहम’

कोशवाचक: गिटारच्या व्हॉल्व्ह (निर्वात नळीच्या) अ‍ॅम्पला मागे स्पीकर जोडायला ४, ८, १६ ओहमचे जॅक असतात. कॅबिनेटवर (स्पीकरच्या पेटीवर) १६ छापलंय, मल्टिमीटर मात्र १३ दाखवतो. याला रोध (रेझिस्टन्स) म्हणायचं की संरोध (इंपीडन्स)? आणि ‘इंपीडन्स मॅचिंग’ला ‘संरोध-समता’ चालेल का?

डागकाम: मीटर दाखवतो तो रोध, व्हॉइस कॉइलच्या (स्पीकरचा कोन हलवणाऱ्या वेटोळ्याच्या) तारेचा. छापलेला तो संरोध; त्यात कॉइलचं प्रवर्तन (इंडक्टन्स) आणि कोन हलल्याने उलटं निर्माण होणारं व्होल्टेजही आलं. त्यामुळे तो वारंवारतेप्रमाणे बदलतो. १२ इंची ८ ओहमचा स्पीकर अनुस्पंदनाला (रेझोनन्सला), साधारण ७५ ते १०० हर्ट्झला, कित्येक पट वर जातो, मग उतरतो आणि वरच्या स्वरांना पुन्हा चढतो. काही जण छापील आकड्याला ‘नाममात्र संरोध’ म्हणतात, पण ते नाममात्र भाड्यासारखं वाटतं. ‘अंकित’ बरा. लेबल गेलं असेल तर मीटरवर ३ ते ३.५ आले की ४ चा, ६ ते ७ आले की ८ चा, १२-१३ म्हणजे १६ चा.

षड्ज: ‘समता’ नको. अ‍ॅम्पचा स्वतःचा संरोध ८ नसतोच; पेंटोड (पाच अग्रांचे) व्हॉल्व्ह असलेल्या आणि फीडबॅक (आउटपुटचा अंश मागे देणं) नसलेल्या अ‍ॅम्पात तो कितीतरी जास्त असतो. जॅकवरचा ८ म्हणजे ‘इथे ८ ओहमचा भार लावा’. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा भार वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढवून व्हॉल्व्हला दाखवतो. २०:१ असेल तर ४०० पट: ८ चे ३,२००, आणि त्याच जॅकला १६ लावले तर ६,४००. म्हणून ‘भार-जुळणी’.

कोशवाचक: मग ४ ओहमला ‘जास्त लोड’ का म्हणतात?

डागकाम: भार प्रवाहावरून ठरतो. ओहम कमी, प्रवाह जास्त, भार जड. कॅब जोडताना हीच गफलत होते. दोन ८ समांतर म्हणजे ४. फेंडर कंपनीच्या ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्पमध्ये हेच आहे. त्यांच्याच १९५९ च्या बासमन अ‍ॅम्पमध्ये ८ ओहमचे चार समांतर, म्हणजे २. मार्शलच्या चार स्पीकरच्या कॅबमध्ये १६ चे दोन-दोन एकसर (सीरिजमध्ये) आणि त्या जोड्या समांतर, म्हणून पुन्हा १६. ८ आणि १६ चे कॅब समांतर लावले तर ५.३ होतात. ४ चा जॅक जवळचा, पण दोन तृतीयांश पॉवर ८ वाल्याकडे जाते.

षड्ज: बेजोड असेल तर बिघाड कुठल्या बाजूला, हे महत्त्वाचं. ८ च्या जॅकला ४ लावलं की व्हॉल्व्हमधला प्रवाह वाढतो, ते लवकर झिजतात. १६ लावलं की व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे (आउटपुटच्या अग्रावरचे) व्होल्टेजचे हेलकावे वाढतात, आतल्या स्क्रीन ग्रिड नावाच्या जाळीवर ताण येतो. दुपटीपर्यंतचा फरक बरेच अ‍ॅम्प सोसतात, सगळे नाही, पुस्तिका पाहा. स्पीकरच नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला वाट मिळत नाही. प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांवर) उसळणाऱ्या व्होल्टेजने सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. म्हणूनच फेंडरचा मुख्य स्पीकर जॅक प्लग काढला की शॉर्ट होतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचं उलट: उघडं चालतं, शॉर्ट मारतं. ‘ओहम जास्त असले तरी चालतात’ हा सल्ला तिथला.

कोशवाचक: ‘ओपन लोड’ला ‘निर्भार’?

डागकाम: शब्द योग्य, पण मन हलकं झाल्यासारखा वाटतो! ‘बिनभार’ लिहा. आणि गिटारची शिल्डेड वायर स्पीकरला लावू नका. आतली तार बारीक असते, तापते, आणि तुटली की तोच बिनभार अ‍ॅम्प.