मदत हवी आहे: कूलर लावूनही हॉल दमट, कॅरमवर स्ट्रायकर सरकत नाही

सुट्टी_सुरू
जरा लवकर सांगा. पोरं दुपारी बारा ते पाच घरातच असतात, त्या उन्हात बाहेर सोडता येत नाही. हॉलमध्ये नवा कूलर आणला आणि त्याच्यासमोर कॅरम मांडून दिला. पहिला अर्धा तास बरं वाटतं. मग अंग चिकचिकतं, पत्ते एकमेकांना चिकटतात, स्ट्रायकर निम्म्या वाटेत थांबतो. पावडर कितीही टाकली तरी तेच. कूलरमध्ये पाणी भरपूर असतं. दुकानदार म्हणतो कूलरमध्ये दोष नाही. पॅड बदलू की पावडर दुसरी आणू?

खाडीकाठ
कूलर विकून टाका आणि एसी घ्या. आमच्या ठाण्याकडे मे महिन्यात 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असते. अशा हवेत कूलर कितीही चांगला असला तरी साडेअठ्ठावीसच्या खाली जाऊच शकत नाही, आणि हवेत आणखी पाणी भरतो ते वेगळंच. घामच वाळत नाही, मग गार वाटणार कसं?

वर्धारोड
आधी गाव कोणतं ते सांगा, एसीचं नंतर पाहू. कूलर खिडकीत बाहेरून बसवलाय की खोलीत ठेवलाय? खिडक्या उघड्या की बंद? गवताच्या ताट्या आहेत की हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचं पॅड? हॉल किती बाय किती? एवढं कळल्याशिवाय सांगणार तरी काय?

कैरीची_फोड
पोरांना नुसती हवा नको, पोटातूनही गारवा हवा. दोन मध्यम कैऱ्या कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडा. गर एक वाटी निघाला तर गूळ दीड वाटी, कैरी फार आंबट असेल तर पावणेदोन. अर्धा चमचा मीठ, वेलची. गूळ गर गरम असतानाच घाला, म्हणजे गुठळी राहत नाही. हा गर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि पेल्याला दोन चमचे घेऊन वर माठातलं पाणी.

सुट्टी_सुरू
गावाचा काय संबंध? नागपूर. कूलर चाकांचा आहे, हॉलच्या कोपऱ्यात ठेवलाय. खिडक्या अर्थातच बंद, नाहीतर थंडावा बाहेर जाईल. हॉल 12 बाय 15, वरचा मजला. एसीचा विषय नको, घर भाड्याचं आहे, मीटरचा लोड वाढवता येत नाही.

वर्धारोड
ताई, खिडक्या बंद काहून ठेवल्या? सगळं दुखणं तिथंच आहे.

कूलर पाणी उडवून, म्हणजे त्याची वाफ करून, हवा गार करतो. नागपूरची दुपारची हवा 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता धरा. ती ओल्या ताटीतून नीट गेली तर 27-28 अंशांनी बाहेर येते. पण तीच हवा खोलीत कोंडून पुन्हा पुन्हा ताटीतून फिरवली, तर अर्ध्या तासात ती पाण्याने भरते. भरलेल्या हवेत पाणी उडत नाही, म्हणजे कूलर नुसता पंखा उरतो. खाडीकाठ म्हणतात ती ठाण्याची हवा तुम्ही बंद हॉलमध्ये स्वतः तयार करताय.

कूलरच्या पाठीला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि खोलीतली हवा समोरून बाहेर गेली पाहिजे. चाकांच्या कूलरला तीन बाजूंनी ताट्या असतात, म्हणून नुसती पाठ खिडकीला लावून भागत नाही, बाजूच्या ताट्या घरातलीच हवा ओढतात. गॅलरी असेल तर कूलर गॅलरीत ठेवा, तोंड दारातून आत. दाराची उरलेली फट पुठ्ठ्याने किंवा जाड पडद्याने बंद करा. गॅलरीत ऊन येत असेल तर वर हिरवी जाळी बांधा, पण जाळी ताट्यांना चिकटवू नका, निदान हातभर जागा ठेवा.

मग समोरच्या बाजूची एक खिडकी उघडा. किती, ते असं ठरतं: दर 1000 सीएफएमला (कूलर मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो तो आकडा) साधारण दोन चौरस फूट. 2000 सीएफएमचा कूलर असेल तर चार चौरस फूट, म्हणजे दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच उघडी जागा. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी त्या खिडकीच्या चौकटीला वर चिकटवून खाली लोंबू द्या. पट्टी सतत बाहेर झुकलेली राहिली तर हवा वाहतेय. सरळ लोंबली तर कुठंतरी कोंडलंय. आत वळली तर बाहेरचा वारा कूलरला ढकलतोय, तेव्हा दुसऱ्या दिशेची खिडकी उघडून पाहा.

मेघना_६
मी तर टाकीत बर्फाच्या लाद्या टाकायला सांगेन. हवा लगेच गार येते.

वर्धारोड
लगेच येते आणि लगेच जाते. पाच किलो बर्फ वितळून कोमट होईपर्यंत जेवढी उष्णता ओढतो, तेवढी एक लिटरपेक्षाही कमी पाणी उडताना ओढली जाते. कोरड्या हवेत कूलर तासाला 15-20 लिटर पाणी पितो. म्हणजे तुमच्या पाच किलो बर्फाचं काम कूलर तीन-चार मिनिटांत करतो. शिवाय पाणी फार गार असलं की ते उडतंही कमी. बर्फ पोरांच्या सरबतात घाला.

निंबाळकर_कूलरवाले
पॅडबद्दल कुणी बोललंच नाही. गवताच्या ताट्या काढून हनीकोंब बसवा. चार इंच जाडीचं घ्या, दोन इंचाचं नको. गवत दर सीझनला बदलावं लागतं, हनीकोंब दोन-तीन सीझन चालतं.

वर्धारोड
बोअरचं जड पाणी असेल तर हनीकोंबच्या भोकांत पांढरा क्षार बसतो आणि पहिल्याच सीझनला अर्धं पॅड बंद पडतं. गवत स्वस्त आहे, मार्चमध्ये बदलून टाकायचं. शिवाय वाळ्याची ताटी लावता येते, त्या वासाला तोड नाही.

निंबाळकर_कूलरवाले
क्षार बसतो कारण लोक टाकी रिकामी करत नाहीत. पाणी उडतं, क्षार मागं राहतो, वरून नवं जड पाणी पडतं, दर दिवशी घट्ट होत जातं. तीन दिवसांनी सगळं पाणी सोडून द्या, पॅडला काही होत नाही. गवताचं उलट आहे: ओलं झालं की ते खाली बसतं, ताटीच्या वरच्या बाजूला चार बोटं रिकामी पट्टी पडते. हवा सोपा रस्ता शोधते, त्या पट्टीतून 44 अंशांची हवा तशीच आत येते. ताई, कूलर चालू असताना ताटीवर उजेड पाडून पाहा. जिथून आरपार दिसेल तिथं नवं गवत दाबून भरा.

वर्धारोड
हे मात्र बरोबर. आणि ताटीवर उभे कोरडे पट्टे दिसले तर वरच्या पन्हळीची भोकं बुजलीत. दाभणाने एकेक मोकळं करा. नव्या गवताचं पहिल्या दिवशीचं पिवळं पाणी फेकून द्या. पंखा लावायच्या दहा मिनिटं आधी नुसता पंप चालवा, ताट्या पूर्ण भिजल्याशिवाय पंखा नको.

फेज_न्यूट्रल
सगळे गार हवेबद्दल बोलताय, घरात लहान मुलं आहेत याकडे लक्ष द्या. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद केल्यावरही पंपात फेज असते, म्हणजे शॉक देणारी वीज येतच राहते. तीन पिनचाच प्लग, आणि अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. भाड्याच्या घरात पाहिलेलं नसतं. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. पंपाची वायर जिथं पत्र्यातून आत जाते तिथं रबरी बुश हवं, कापलेल्या पत्र्याच्या धारेनं वायर सोलते. कूलर मुलांच्या हाताला लागेल असा ठेवूच नका.

मेघना_६
आणि आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत, ब्रशनं घासावी लागतात.

खाडीकाठ
एवढा व्याप करण्यापेक्षा इन्व्हर्टर एसी एका टनाचा, लोडही फारसा लागत नाही.

वर्धारोड
घर भाड्याचं आहे असं त्यांनी लिहिलंय, एसी नको असंही लिहिलंय.

राणी_कव्हर
प्रश्न कॅरमचाही होता, त्याचं कुणी उत्तरच दिलं नाही. पावडर वाढवून काही होणार नाही. ओलसर पृष्ठभागावर पावडर थर धरते आणि तो थरच स्ट्रायकरला अडवतो. आधी सगळी पावडर कोरड्या सुती कापडानं पुसून काढा, ओलं फडकं अजिबात नको. सोंगट्या आणि स्ट्रायकरच्या कडाही पुसा, तिथं काळपट मेण बसलेलं असतं. मग चिमूटभर बारीक पावडर मधोमध टाकून तळहातानं पसरा. पावडर डोळ्यांना दिसली तर ती जास्त झाली. बोरिक पावडर असेल तर खेळून झाल्यावर मुलांना हात धुवायला लावा.

बोर्ड कूलरच्या तोंडासमोर ठेवूच नका. तिथं बारीक तुषारही येतात आणि वाऱ्यानं पावडर एका बाजूला जाते. कूलरला काटकोनात, भिंतीकडे ठेवा. जुन्या क्लबांत बोर्डावर झाकणाचा 60 वॅटचा दिवा टांगत, त्याच्या उष्णतेनं फळी कोरडी राहायची. एलईडीनं तो फायदा मिळत नाही. बोर्ड उन्हात वाळवू नका, प्लाय वाकतो.

आणि एक तपासा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून बोर्डावर धरा. मधोमध दोरा टेकतो आणि कडांना फट दिसते का? दिसली तर ओलाव्यानं प्लाय फुगलाय, मग सोंगट्या आपोआप कडेला जातात.

चुना_गच्ची
वरचा मजला असेल तर स्लॅबवर चुना मारा. कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळून घ्या, खळ म्हणून थोडा फेविकॉल, आणि झाडूनं दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा आडवा. स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खाली सोडतो, कूलर कितीही लावा. घरमालकाला विचारून करा.

सुट्टी_सुरू
कूलर गॅलरीत नेला, दाराला पुठ्ठा लावला, स्वयंपाकघराची खिडकी उघडली. कागदाची पट्टी बाहेर झुकतेय. चिकचिक गेली, पत्तेही सुटे पडतात. ताटीत वरच्या बाजूला फट निघाली होती, गवत भरलं. आरसीसीबीसाठी वायरमन उद्या येतोय, तोवर पाणी मीच भरते, प्लग काढून. दोरा लावून पाहिला, सगळीकडे सारखा टेकतो, कुठं फट नाही. तरी सोंगट्या एकाच कोपऱ्याकडे का जातात?

राणी_कव्हर
मग फळी ठीक आहे, स्टँड तिरपा आहे. बोर्डाच्या मधोमध स्ट्रायकर कडेवर उभा करून सोडा, ज्या कोपऱ्याकडे घरंगळेल त्या पायाखाली पोस्टकार्डाची घडी घाला. एकेक घडी वाढवत जा, स्ट्रायकर जागीच आडवा पडेपर्यंत.