मदत हवी आहे: एकाच नियमाचे कॅथलिक मठ तक्त्यात कसे मांडावेत?

नाशिकला आमच्या कॉलेजात संन्यासी परंपरांवर प्रदर्शन आहे. कुंभामुळे आखाड्यांचा तक्ता सहज झाला, कॅथलिक मठांच्या तक्त्यावर मात्र अडलेय.

संत बेनेडिक्टचा सहाव्या शतकातला नियम (मठातल्या जीवनाची आचारसंहिता, ७३ प्रकरणं) बेनेडिक्टाइन, सिस्टर्शियन आणि ट्रॅपिस्ट (सिस्टर्शियनांमधूनच सुधारणेतून निघालेले) असे तिन्ही संन्यासी संघ पाळतात. तरी १८९३ च्या बेनेडिक्टाइन महासंघात (बेनेडिक्टाइन मठांच्या एकत्रित संघटनेत) सिस्टर्शियन नाहीत, आणि कामाल्डोलीज (हाच नियम पाळणारी आणखी एक शाखा) आहेत! भारतातही तसंच: तमिळनाडूतलं शांतिवनम् कामाल्डोलीज, केरळातला कुरिसुमला आश्रम ट्रॅपिस्ट. दिसायला दोन्ही किती जवळचे, भगवी वस्त्रंसुद्धा.

आधी मी स्थापनेच्या सालांनुसार एकच वंशवृक्ष काढला. पण त्यात १०९८ चे सिस्टर्शियन बेनेडिक्टाइनांची उपशाखा वाटतात आणि ते स्वतंत्र आहेत हे दिसतच नाही. नियम मी इंग्रजीतून पूर्ण वाचलाय, त्यामुळे त्याचा सारांश नको. ऑगस्टीनचा नियम पाळणारे डॉमिनिकन वगैरेही या तक्त्यात घेत नाहीये. जागा एका फलकाचीच आहे, वाचणारे बहुतेक या विषयाला नवखे.

चर्चच्या इतिहासाचे जाणकार किंवा सेमिनरीत शिकलेलं कुणी असेल तर सांगा: विभागणी मठाची तपासणी कोण करतं आणि सर्वसाधारण सभा कुणाची यावर करावी, की संस्थापक-सुधारकांवर?