चिऊनं लगेच दार उघडलं तर ती गोष्ट कसली?

ओसरीवरची:
भाची पाच वर्षांची झाली म्हणून चिऊ-काऊचं नवं चित्रपुस्तक आणलं. चित्रं झकास. पण गोष्ट? पाऊस येतो, काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो आणि चिऊ म्हणते, "अगंबाई, भिजलास की! ये आत." संपलं पुस्तक! "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे", "थांब, तीट लावू दे" यातलं काही नाही. तव्याचा चटका तर नाहीच नाही. आणि वर छापलंय, 'आजीकडून नातवंडांकडे आलेली गोष्ट'. माझ्या आजीनं तरी ही सांगितली नव्हती. चार पिढ्यांनी सांभाळलेली गोष्ट अशी धुऊन-पुसून वाळत घालायची?

तिखटमीठ:
मी चिऊनं दार उघडावं या बाजूची. मोठं झाल्यावर ती गोष्ट परत ऐका. शेजाऱ्याचं घर वाहून गेलंय, तो दारात कुडकुडतोय आणि बाईसाहेब आत बाळाला पावडर लावतायत. शेवटी आत घेऊन तव्यावर बसवायचं! वर जो काळा तोच गबाळा, त्याचंच घर शेणाचं. शेणामातीची घरं गावात कुणाची असायची, हे पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. नकळत मुरतं. आजीनं सांगितलं म्हणून सगळंच शहाणपण होत नाही.

ओसरीवरची:
तीन वर्षांच्या पोराला त्यात गावकुस दिसत नाही हो. त्याला ते 'थांब' हवं असतं. दिवसभर आई त्याला म्हणते, थांब, फोन आलाय. थांब, कुकर झालाय. गोष्टीत एकदा तरी त्याला स्वतःला 'थांब' म्हणायला मिळतं. आमच्याकडे पोरं आजीच्या आधीच ओरडायची. ते काढलंत तर उरतो फक्त पावसाचा अंदाज.

तिखटमीठ:
'थांब' ठेवा ना, कोण नको म्हणतंय! चटका काढा.

परसदार:
दोघंही 'खरी' गोष्ट एकच धरून चाललात. आमच्याकडे काऊ आत यायचा, अंधारात कुडुम कुडुम वाजायचं, चिऊ विचारायची काय खातोस, तर म्हणे सुपारी. सकाळी बघते तो डब्यातले चणे साफ! म्हणजे चिऊची शंका बरोबरच निघायची. तव्याची गोष्ट मी लग्नानंतर सासरी ऐकली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात तुम्हाला दिसेल, एकच ओवी या बाईच्या तोंडी एक, त्या बाईच्या तोंडी थोडी निराळी. कुणी कुणाला परवानगी विचारली नव्हती. मग चित्रपुस्तकवाल्यांनीच काय घोडं मारलं?

ओसरीवरची:
फरक आहे. आजीची गोष्ट आजीबरोबर बदलत जाते. छापलेली हजार घरांत तीच. उद्या या पोरांना वाटेल, गोष्ट एवढीच असते.

माळ्यावरचा पेटारा:
कावळ्याच्या वतीनं दोन शब्द. घराबाहेर ठेवणारी तीच आजी पितृपक्षात भाताचं पान घेऊन गच्चीवर उभी असते. कावळा शिवेपर्यंत कुणाला घास मिळत नाही. ज्ञानोबांच्या विराणीत 'पैल तो गे काऊ कोकताहे' म्हणताना त्याचे पाय सोन्यानं मढवायची तयारी. आणि भरवताना? एक घास चिऊचा, एक घास काऊचा. आजीचं कावळ्याबद्दल एकच मत कधी नव्हतं! पुस्तकवाल्यांनी नेमकी एकच गोष्ट उचलली आणि तीही गुळगुळीत केली. माझी तक्रार त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

तिखटमीठ:
वर्षाचे पंधरा दिवस भात आणि एरवी दार बंद. हा तर माझाच मुद्दा झाला की.

माळ्यावरचा पेटारा:
तुम्ही पण ना! घास विसरलात, तो रोजचा.

ओसरीवरची:
काल रात्री भाचीला नवं पुस्तक वाचलं, मग दिवा बंद करून आजीचं सांगितलं. 'थांब' आठ वेळा ओरडली. चटक्याला हसली (तिखटमीठ, तुम्हाला राग येईल, पण हसली). मग विचारते, "चिऊला बाळ आहे. काऊला बाळ नव्हतं?" मी गप्प.

परसदार:
होतं की. कोकिळेचं.