पोलंड सिंड्रोम: छातीची उजवी बाजू जन्मापासून सपाट. इम्प्लांट, चरबी की पाठीचा स्नायू?

डिचोलीकरीण
वय २६, लग्न व्हायचंय. डावी बाजू नीट आहे. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही, स्तनाग्र लहान आणि वर सरकलेलं, गळ्याच्या हाडाखाली खळगा, आणि काखेपुढची जी जाड कड हाताला लागते तीही नाही. उजव्या हाताची दोन बोटं जन्मतः जुळलेली होती, ती लहानपणीच सोडवली. बोटं आणि छाती हे पोलंड सिंड्रोम नावाचं एकच प्रकरण आहे, हे मला आत्ता एका प्लास्टिक सर्जननी सांगितलं. इतकी वर्षं एकालाही ते सुचलं नव्हतं. छातीचा मोठा स्नायू अर्धवट आहे म्हणे.

आमची आजी अजून आईला ऐकवते की ग्रहणात विळीवर बसलीस. आई गप्प राहते. मला तेच जास्त लागतं.

वेर्ण्याला फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये आहे, अ‍ॅप्रनखाली दिवस निघतो. पंचाईत होते ती साडीची. शिवणारी बाई ओळखीची आहे, उजवीकडे फोमचे दोन थर घालून देते आणि तोंड बंद ठेवते.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: सिलिकॉनचं इम्प्लांट, पोटा-मांडीची चरबी भरणं, किंवा पाठीचा स्नायू फिरवून पुढे आणणं. आईचं म्हणणं, आधी ऑपरेशन, मग स्थळं. मला ते पटत नाही, पण ऑपरेशन मात्र हवंय, माझ्यासाठी. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. पुढे मुलं झाल्यावर सगळं परत बिघडतं का?

कुळागर
अगो, आधी आजीचं मिटवूया. मानेखालून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते, तिचा पुरवठा गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात कमी पडला की असं होतं, असं डॉक्टर मानतात. सहाव्या आठवड्यात कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. विळी, ग्रहण, काही नाही. बहुतेक वेळा हे घराण्यातूनही येत नाही. आजीला मोठ्याने वाचून दाखव.

माझं डावीकडे होतं. मी फोंड्याची, ऑपरेशन गोव्याबाहेर झालं. आधी कातडीखाली रिकामी पिशवी ठेवली, तिला एक्सपांडर म्हणतात. दर थोड्या दिवसांनी सुईने सलाइन भरून कातडी ताणून घेतली आणि मग कायमचं इम्प्लांट. भरलं की दोन दिवस छातीवर घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटायचं. आकार चांगला आला. पण गळ्याखालचा खळगा तसाच राहिला! इम्प्लांट खाली स्तनाच्या जागी बसतं, वरचा भाग ते भरत नाही. आणि स्नायूचं पांघरूण नसलं की पातळ कातडीतून त्याची कडही जाणवते. मग वरून चरबी भरली. ती सगळी टिकत नाही, काही अंगात जिरून जाते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा भरावी लागली.

माझ्या मते तुला खळगा खुपत असेल तर चरबीपासून सुरुवात कर. अंगावर चरबी पुरेशी असली पाहिजे हे मात्र खरं, माझी पोटाची सुदैवाने होती. जत्रेतली भजी फुकट गेली नाहीत.

मुलांचं म्हणशील तर गरोदरपणात डावी बाजू वाढेल, नंतर उतरेल. उजवीकडचं इम्प्लांट होतं तसंच राहील. म्हणजे आज जुळवलेलं उद्या जुळेलच असं नाही. म्हणून माझ्या चांगल्या बाजूवर तेव्हाच ऑपरेशन करायला मी नको म्हणाले. माझ्या मुलीला त्याच बाजूने पाजलं, तिला पुरलं.

सांधेदुखी_म्हापसा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. तिसऱ्या वाटेबद्दल बोलते. पाठीचा तो रुंद स्नायू ओढण्याच्या कामाचा. बहुतेकांना त्याच्यावाचून रोजचं जमतं, कारण बाकीचे स्नायू भार घेतात. तुमच्या उजवीकडे छातीचा स्नायू आधीच अपुरा आहे, त्यात पाठीचाही काढला तर फरक जाणवू शकतो. घरी विहिरीचं पाणी ओढता का? पोहता? हे सर्जनना आधीच सांगा. दुसरं, पोलंड सिंड्रोममध्ये काही जणांना त्याच बाजूचा पाठीचा स्नायूही लहान असतो किंवा नसतोच. तो आहे का, त्याच्या रक्तवाहिन्या कशा आहेत, हे स्कॅनवर पाहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. पाठीवरचा व्रणही लक्षात घ्या, चोळीच्या गळ्यात दिसेल.

फाईलवाली
विम्याचं काम करते म्हणून सांगते. खाजगी आरोग्य पॉलिसीत दोन दारं बंद असू शकतात. एक, प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना किंवा तब्येतीला थेट धोका असेल तरच सूट. दुसरं, बाहेरून दिसणारं जन्मजात व्यंग बऱ्याच पॉलिसीत वगळतात. पत्रात नुसतं 'स्तन मोठा करणे' आलं तर क्लेम पहिल्याच टेबलावर पडतो. निदान, हाताच्या बोटांचं जुनं ऑपरेशन, स्नायू नसल्याचा स्कॅन, सगळं लिहून घ्या आणि तारीख ठरवण्याआधी लेखी उत्तर मागवा. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, तिथेही एकदा दाखवून या. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड असेल तर हे त्यात बसतं का ते काउंटरवरच विचारा, शेजाऱ्यांना नको.

डिचोलीकरीण
विहीर आहे, पंपही आहे, पण वीज गेली की पाणी मीच ओढते. म्हणजे पाठीची वाट माझ्यापुरती बंद. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना सगळं कळतं तर!" आणि उठून गेली. आई मात्र हसली.

चरबी भरल्यावर पुढे गाठ आली तर कॅन्सरची की चरबीची हे कसं कळणार? कुळागर ताई, तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का?

कुळागर
हो. न जिरलेल्या चरबीच्या कधी कधी बारीक गाठी होतात, चुन्याचे कणही दिसतात. म्हणून भरण्याआधी एक सोनोग्राफी करून रिपोर्ट जपून ठेव आणि पुढे कधीही तपासणी झाली तर चरबी भरलीय हे तिथे आधीच सांग. नवी गाठ लागली तर "चरबीचीच असेल" म्हणून घरी बसायचं नाही, दाखवायचं. इम्प्लांट घेतलंस तर तेही जन्मभराचं नसतं. सिलिकॉन असेल तर पाच-सहा वर्षांनी फुटलंय का ते पाहायला सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. तो खर्च आजच धर.

सर्जनकडे जाशील तेव्हा पोलंड सिंड्रोमच्याच पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो माग, साध्या स्तनवाढीचे नको. कपड्यात दोन्ही बाजू सारख्या दिसतील, कपड्याशिवाय थोडा फरक राहील. एवढं धरून चाललीस तर निराशा होत नाही. आणि ऑपरेशन झालं म्हणून लगेच ब्लाउज शिवायला टाकू नकोस. सूज उतरायला महिने जातात, माझे दोन ब्लाउज तसेच कपाटात पडलेत.