ईआरएला मराठीत काय म्हणावं: ‘अर्जित धावा’ की ‘खात्यावरच्या धावा’?

बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) पेड्रो मार्टिनेझच्या कारकिर्दीवर मराठीत लिहितेय आणि ईआरएपाशी (अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज) अडलेय. पिचरने नऊ डावांमागे दिलेल्या ‘अर्न्ड’ धावा, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे न झालेल्या. ‘अर्जित धावांची सरासरी’ चालेल का? त्याचा आकडा २.९३ आहे. शिवाय ईआरए प्लस १५४. त्याला तर शब्दच सुचत नाही.

*

‘अर्जित’ नको हो. ते वाचलं की सरकारी नोकराला रजाच आठवते. आणि या धावा कमावतो फलंदाज, पण तुमच्या वाक्याचा कर्ता पिचर. वाचणाऱ्याला वाटेल पेड्रोनेच धावा कुटल्या. ‘पिचरच्या खात्यावरच्या धावा’ लिहा. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या खात्यावर जात नाहीत, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. बेसबॉलवाले याच्या बरेच पुढे जातात. तिसरा गडी बाद व्हायचा तो सोपा झेल सुटल्यामुळे राहिला, तर त्या डावातल्या पुढच्या धावाही त्याच्या खात्यातून वगळतात. चूक कोणाची, हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. १९६८ साली पिचर बॉब गिब्सनविरुद्ध ४९ धावा झाल्या, पण खात्यावर पडल्या ३८. डाव ३०४ आणि दोन तृतीयांश, लिहिताना ३०४.२. म्हणून ईआरए १.१२.

*

खाते पटलं. पण ‘सरासरी’ कशी? नऊ डावांमागे किती धावा, ही तर सरळसरळ इकॉनॉमी झाली.

*

मलाही आधी तसंच वाटायचं, पण भागाकार कशाने करतात ते बघा. इकॉनॉमीत खाली षटकं असतात, म्हणजे चेंडू. बेसबॉलमध्ये पिचरचे डाव चेंडूंवर नाही, बाद झालेल्या गड्यांवर मोजतात: तीन गडी, एक डाव. (म्हणून ३०४.२ मधला टिंब दशांशाचा नव्हे, अगदी आपल्या ४.२ षटकांसारखाच.) नऊ डाव म्हणजे २७ गडी. तेव्हा ईआरए म्हणजे २७ गड्यांमागे दिलेल्या धावा, आणि आपल्याकडे गोलंदाजाची सरासरी म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा. जात तीच. फरक इतकाच की इथे धावबादसारखे गडीही पिचरच्या हिशेबात धरतात. ‘सरासरी’ बिनधास्त लिहा.

*

झकास. आता प्लसचं बोला. पेड्रोच्या आधीच्या पिढीतला पिचर सँडी कोफॅक्स, त्याचा ईआरए २.७६, पेड्रोचा २.९३. कोफॅक्स सरस दिसतो. प्लसमध्ये मात्र कोफॅक्स १३१ आणि पेड्रो १५४. लेखात हे कसं मांडू?

*

त्याला ‘निर्देशांक’ म्हणा. महागाई निर्देशांकामुळे पाया १०० असतो हे लोकांना कळतं. इथे १०० म्हणजे त्याच काळातल्या लीगमधला सरासरी पिचर, मैदानाचा परिणाम वजा करून. कोफॅक्सची भरभराट १९६० च्या दशकातली, डॉजर स्टेडियमवरची. धावा मुळातच कमी व्हायच्या. १९६८ नंतर तर पिचर ज्यावरून चेंडू टाकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणावा लागला. पेड्रोने फेनवे पार्कवर चेंडू टाकले ते षटकारांच्या पावसात. २००० साली त्याच्या अमेरिकन लीगची सरासरी ४.९ च्या आसपास होती, त्याची १.७४. दुसऱ्या क्रमांकावर रॉजर क्लेमेन्स, ३.७०! त्या वर्षीचा पेड्रोचा निर्देशांक २९१. ‘समकालीन-सापेक्ष’ वगैरे जोडून शब्द लांबवू नका, ‘धावरोध निर्देशांक’ पुरे.

एक मात्र लिहाच. सरासरी कमी असली की चांगली, निर्देशांक जास्त असला की चांगला. वाचक इथे हमखास घसरतो. आणि १५४ म्हणजे ‘५४ टक्के कमी धावा’ नव्हे. शंभराला १५४ ने भागा: इतरांनी १०० दिल्या तिथे याने सुमारे ६५. म्हणजे ३५ टक्के कमी.

*

पिचर मारियानो रिव्हेराचा निर्देशांक २०५ आहे. मग तो पेड्रोच्याही वर?

*

आकड्याने वर, पण तो शेवटचा एखादा डाव टाकायला यायचा, पूर्ण ताकदीनिशी. पेड्रोला तेच फलंदाज एका सामन्यात तीन-तीनदा भेटायचे. तक्त्यात रिव्हेराचा रकाना वेगळा ठेवा, आणि शीर्षकात ‘पिचर’च राहू द्या. ‘गोलंदाज’ लिहिलंत तर पहिलाच वाचक विचारेल, बळी किती घेतले?