व्हीएमच्या शेअर्ड फोल्डरमधले चुकीचे एरर: आधी हे दुरुस्त करा, वेग नंतर बघू

खटपट्या

क्यूएमू म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या ७.० आवृत्तीत (एप्रिल २०२२) मॅक होस्टवरून (व्हीएम ज्यावर चालते ते मशीन) आतल्या गेस्टला नाइन-पी प्रोटोकॉलने शेअर्ड फोल्डर देता यायला लागला. त्यातली एक गंमत सांगतो. लिनक्स गेस्टमध्ये भरलेला फोल्डर आरएमडिर कमांडने उडवायला गेलात, की 'डिरेक्टरी नॉट एम्प्टी' ऐवजी 'ऑब्जेक्ट इज रिमोट' असं उत्तर यायचं. प्रत्येक एररला एक आकडा असतो. फोल्डर रिकामा नाही हे सांगणारा ई-नॉट-एम्प्टी मॅकवर ६६ आहे आणि लिनक्सवर ३९. होस्टने आपला ६६ तसाच पुढे ढकलला. लिनक्सच्या यादीत ६६ म्हणजे ई-रिमोट. झालं! मॅकचा ३५ म्हणजे 'थोड्या वेळाने पुन्हा ये', लिनक्सचा ३५ म्हणजे डेडलॉक. बसा शोधत.

मेसेजच चुकला ना, बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. आरएमडिरला 'फोल्डर रिकामा नसेल तर गप्प बस' असा पर्याय आहे. तो ई-नॉट-एम्प्टी ओळखतो, ई-रिमोट कुठून ओळखणार? मग स्क्रिप्ट मध्येच आडवी होते आणि आपण भलतीकडेच शोध घेत राहतो. दुरुस्ती त्याच वर्षी झाली आणि ती अगदी चिमुकली आहे: पाठवण्याआधी होस्टचा आकडा लिनक्सच्या आकड्यात बदलणारं एक फंक्शन.

माझं म्हणणं इतकंच. शेअर्ड फाइल सिस्टीम म्हणजे दोन कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यांमधला) दुभाषा. त्याने वाचून-लिहून दाखवलं की आपण खूश, पण 'नाही' म्हणताना तो काय बोलतो हे कुणी तपासत नाही. कॅशे आणि वेगाच्या पॅचवर (कोडमधल्या बदलांवर) रकाने भरून चर्चा होते. एरर पाथचा (काही फसल्यावर चालणाऱ्या कोडचा) पॅच आला की 'हं, ठीक' म्हणून पुढे. हा क्रम उलटा हवा.

जुनं खोड

असहमत. शेअर्ड फोल्डर ही फाइली इकडून तिकडे द्यायची ओसरी आहे. ओसरीवर संसार मांडायचा आणि मग पाऊस आत येतो म्हणून ओरडायचं? बिल्ड, डेटाबेस, जे काही गंभीर असेल त्याला व्हर्टिओची (व्हीएमसाठीच्या आभासी हार्डवेअरची) वेगळी डिस्क द्या. तिथे एररचे प्रकारच मोजके. दोन ऑपरेटिंग सिस्टीमच्या शब्दकोशांचा मेळ घालत बसायची वेळच येत नाही.

खटपट्या

काका, मॅकवर कंटेनर चालवणाऱ्या प्रत्येकाच्या बुडाखाली लिनक्सची व्हीएम असते आणि त्याचा सोर्स कोड होस्टवरून शेअर केलेला असतो. संसार ओसरीवर मांडून झालाय, आता पत्रे घालायचे की नाही एवढंच बोला.

सोनचाफा

रोग मान्य, औषध नाही. एरर पाथचे पॅच दिसतात एका ओळीचे आणि म्हणूनच घातक असतात. माउंट करताना आधी मेमरी घेतली, मग रिक्वेस्टची रांग उभी केली, मग पुढे काहीतरी फसलं. आता उलट्या क्रमाने सोडत यायचं. गोटूची (कोडमधल्या ठरावीक लेबलवर नेणाऱ्या आज्ञेची) उडी एक लेबल पुढे पडली तर मेमरी गळते, एक लेबल आधी पडली तर न घेतलेली वस्तू परत करायला जातो. कंपायलर दोन्ही वेळा चूप.

२०२१ आठवतंय? मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्सला मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले होते, आणि ते असेच किरकोळ दुरुस्तीसारखे दिसणारे होते. ते उघड झाल्यावर लिनक्सचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमननी त्या विद्यापीठाकडून आलेले १९० पॅच उलटवायचा प्रस्ताव ठेवला. पुन्हा तपासल्यावर त्यातले बरेचसे ठीक निघाले, तो भाग वेगळा. पण नुसतं डोळ्यांनी वाचून काय सुटू शकतं ते दिसलं.

तेव्हा माझी अट: फेल-स्लॅब लावून मेमरीची मागणी मुद्दाम फसवा, होस्टच्या डिस्कवर डीएम-फ्लेकी (मधूनमधून मुद्दाम एरर देणारा थर) बसवा आणि गेस्टला नेमका कोणता आकडा पोचला ते दाखवा. ते नसेल तर पॅच बाजूला.

थांबा_जरा

मला तर एरर पोचवायची घाईच चुकीची वाटते. एनएफएसला (नेटवर्कवरच्या फाइल सिस्टीमला) हार्ड आणि सॉफ्ट माउंट असतात. सॉफ्टमध्ये सर्व्हर काही वेळ बोलला नाही की प्रोग्रामच्या तोंडावर एरर, आणि अर्धे प्रोग्राम तो बघतसुद्धा नाहीत. हार्डमध्ये सगळं अडकून पडतं, चिडचिड होते, पण डेटा शाबूत. होस्टवरचा व्हर्टिओ-एफएसचा (फोल्डर शेअर करायच्या आणखी एका पद्धतीचा) डीमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, मेला तर गेस्ट लटकलेलाच बरा.

जुनं खोड

+१. शिवाय एरर सांगून तरी काय होतं? २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करायची विनंती) एकदा फसला, की मेमरीतली न लिहिलेली पानं कर्नल 'स्वच्छ' धरू शकतो आणि दुसरा एफसिंक खुशाल 'झालं' म्हणतो. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून त्यांनी ठरवलं: एफसिंक फसला की सर्व्हर पाडायचा आणि लॉगवरून उभा करायचा.

खटपट्या

म्हणजे खोटं 'झालं' मिळालं म्हणूनच ना? तुम्ही माझीच बाजू मांडताय. आणि फ्यूजमध्ये (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडून फाइल सिस्टीम चालवायची सोय) बघा, व्हर्टिओ-एफएस त्यावरच उभी आहे. सर्व्हरने एफसिंकला एकदा 'हे मला येत नाही' (ई-नो-सिस) म्हटलं, की कर्नल ते लक्षात ठेवतो आणि त्या माउंटवर पुढे प्रत्येक एफसिंकला न विचारताच यश कळवतो.

सोनचाफा

तो बग नाही, जाणूनबुजून केलेली सवलत आहे. ज्या फाइल सिस्टीमला एफसिंकचा अर्थच नाही, तिथे प्रत्येक एडिटर बोंबलला असता.

खटपट्या

सवलत असेल, पण अर्ज न करता मिळालेली.

रात्रपाळी

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. आमच्याकडे बॅकअप शेअर्ड फोल्डरवर जायचा. पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी साखळी) असा: जीझिप, मग टी (फाइल लिहून डेटा पुढेही द्यायला), शेवटी चेकसम (डेटा पडताळायचा आकडा). होस्टची डिस्क भरली. टीला 'जागा नाही' हा एरर मिळाला, अगदी अचूक आकड्यासह. त्याने तो ओरडून सांगितला आणि पुढचा डेटा चेकसमकडे पाठवत राहिला. पाइपचा निकाल ठरतो शेवटच्या कमांडवर, तो शून्य. फाइल अर्धवट आणि चेकसम मात्र पूर्ण डेटाचा. टीचा आरडाओरडा क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेलमध्ये पडून होता. ती मेलपेटी मागच्या ॲडमिनची, तो कधीच सोडून गेलाय.

दुभाषा बिचारा बरोबर बोलला होता हो.

सोनचाफा

पाइपफेल (मधली कमांड फसली तरी अख्खा पाइप फसला असं धरणारा पर्याय) लावलंत का मग?

रात्रपाळी

लावलं. पहिल्याच रात्री आणखी दोन बॅकअप लाल झाले.